चढणीची चाल

मी क्लॅरिनेट बोलतोय. लग्नाच्या वरातीत लाल कोट घातलेली माणसं जी काळी लांब नळी तोंडाला लावून चालतात, तोच मी. पण आधीच सांगून टाकतो, मी दुसरा क्लॅरिनेट आहे. पहिला असतो तो गाण्याची ओळ टाकतो. ती तुम्ही ओळखता, गुणगुणता, तिच्यावर नाचता. दुसरा ती ओळ खालून झेलतो. आमच्या धंद्यात त्याला जोड म्हणतात. जोड चांगली असली तर ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या एका गल्लीत काळं लाकूड कातून माझी नळी केली, तिला भोकं पाडली, वर चाव्या बसवल्या. पाच तुकडे मिळून मी होतो. वाजवायच्या आधी जोडायचा, वाजवून झालं की पुसून सुटा करून पेटीत ठेवायचा. तोंडाशी बोरूची एक पातळ पाती असते. ती थुंकीने ओली करून फुंकली की थरथरते आणि मला वाचा फुटते. कुणी फुंकलं नाही, तर माझ्यात आणि लाटण्यात फारसा फरक नाही.

माझे पहिले मालक लोणावळ्याचे फ्रान्सिस मास्तर. एका शाळेत ते बँड शिकवायचे. त्यांच्याकडे दोन क्लॅरिनेट होते. चांगला ते स्वतः वाजवत. मी पेटीत पडून असे. शेजारच्या बंगल्यात बहिरू नावाचा तरुण माळीकाम करायचा. मास्तर संध्याकाळी वाजवायला बसले की कुंपणापलीकडे कात्रीचा आवाज थांबायचा. पंधरा दिवस मास्तरांनी हे पाहिलं आणि सोळाव्या दिवशी त्याला आत बोलावलं. त्याच्या हातात मला दिलं.

सहा वर्षं बहिरू कामावरून सुटल्यावर मास्तरांच्या व्हरांड्यात बसला. मास्तरांनी त्याला सगळं शिकवलं, फक्त पहिली ओळ शिकवली नाही. पहिला मी आहेच की, असं ते म्हणत. त्यांना जोड हवी होती, ती त्यांनी तयार केली. म्हातारपणी वसईला बहिणीकडे राहायला जाताना त्यांनी मला पेटीसकट बहिरूला देऊन टाकलं. तेव्हापासून मी त्याचा.

बहिरूचा स्वभावही जोडीचाच. चारचौघांत तो कडेला बसे. लग्नघरी जेवायला बसवलं तर आधी विचारायचा, सगळ्यांचं झालं का? वाटेने चालताना कुणाच्या तरी मागून चालायचा. त्याची वाडी वडिवळ्याच्या धरणाच्या वर, डोंगरात. पंधरा-वीस घरं. गाडीरस्ता खाली संपतो, तिथून पुढे अर्ध्या-पाऊण तासाची चढण. पावसाळ्यात तो वाडीत भात लावायचा, दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जायचा. तुळशीचं लग्न झालं की मला घेऊन खाली उतरायचा. कामशेतला हौशीरामभाऊंचा बँड होता. पहिला क्लॅरिनेट हौशीराम स्वतः वाजवत आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर बहिरू आणि मी. अशी आमची बरीच वर्षं गेली. माझ्या एका चावीची स्प्रिंग तुटली, तिथे त्याने रबर बँड लावला. दर हंगामात नवा रबर बँड लावायचा, एवढीच माझी दुरुस्ती.

त्याच्या बायकोचं नाव चिमाबाई. तिला माझं विशेष कौतुक नव्हतं. पेटी खुंटीवर नीट लावा, उंदीर खातील, एवढं ती म्हणायची. त्यांना एकच मुलगी. रूपा.

रूपा आठ वर्षांची असताना एकदा आईबाप भातलावणीला गेलेले. तिने खुंटीवरून पेटी काढली, माझे तुकडे उलटसुलट करत कसेबसे जोडले आणि सगळा जीव लावून फुंकलं. मी बदकासारखा ओरडलो. ती इतकी हसली की तिला दुसऱ्यांदा फुंकता येईना. बहिरू नेमका कुदळ न्यायला परत आला होता. तो दारात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने एक पाती तासून पातळ केली, तिच्या लहान तोंडाला झेपेल अशी.

त्याला जे येत होतं ते त्याने तिला शिकवलं, म्हणजे जोड. पण पोरीला खाली राहवेना. तो सूर धरून बसला की ती वरून काहीतरी गुणगुणायची, आणि मग मला त्याच्या हातातून ओढून घेऊन तेच वाजवायची. तिचा श्वासच वर जाणारा होता. माझ्यातून असे सूर निघू शकतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ती बारावीपर्यंत कामशेतला शिकली. मग पवनेकडच्या एका पॉलिहाऊसमध्ये गुलाब तोडायच्या कामाला लागली. संध्याकाळी घरी आली की बोटांत काटे असायचे. आई सुईने काटे काढायची, आणि काटे निघाले की ती मला उचलायची.

त्याच सुमारास हौशीरामभाऊंचे पुढचे दोन दात पडले. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात गेले की त्याचं वाजवणं गेलंच. भाजे गावचं एक लग्न तोंडावर आलेलं. पहिला वाजवायला माणूस मिळेना. बहिरूला म्हणाले, तू हो पुढं. बहिरू नुसता मान हलवत राहिला, नाही म्हणून. शेवटी खाली बघत म्हणाला की पोरगी वाजवते.

हौशीरामांनी तिला आपला क्लॅरिनेट दिला. लाल कोट तिला ढगळ झाला, तो चिमाबाईने रात्रीतून आत घेतला. भाज्याच्या त्या लग्नात नवरदेवाकडच्या एका पाहुण्याने तोंड वाकडं करून विचारलं, दुसरं कुणी नाही का वाजवायला? हौशीराम पडलेल्या दातांच्या फटीतून म्हणाले, "हाय की. तिचा बाप हाय मागं."

ती पुढे, तो दोन पावलं मागे. बहिरूच्या बोटांत मी त्या दिवशी जे सुख पाहिलं, ते आधी कधी पाहिलं नव्हतं. मुलीच्या मागून चालताना त्याला कडेला व्हावंसं वाटत नव्हतं. ती ओळ टाकायची, आम्ही झेलायचो. तिच्या हातातला क्लॅरिनेट माझ्याहून नवा, आवाजाने मोकळा. त्याच्याशी माझं चांगलं जुळलं. तीन हंगाम आम्ही मावळभर लग्नं वाजवली. काही म्हाताऱ्या कुजबुजायच्या, पण पुढे पुढे लोक हौशीरामांना विचारायला लागले, ती पोरगी येणार आहे ना?

लग्न आटोपलं की बापलेक शेवटच्या गाडीने धरणापर्यंत यायचे आणि मग चढायला लागायचे. दोघांच्या हातात एकेक पेटी. या चढणीवर रूपाला ती चाल सुचली.

आपल्या भाषेत गाण्याची चाल आणि माणसाची चाल एकच शब्द. रूपाची चाल खरोखरच चालण्यातून आली. आधी ओढा, मग तीन वळणं, मग गवताचा सपाट माळ, माळाच्या टोकाला वाडी. ओढ्यापाशी ती सूर धरायची आणि प्रत्येक वळणाला तो थोडा वर न्यायची. बहिरूचं वय झालेलं, चढताना त्याला धाप लागायची. दोन पावलं आणि एक श्वास, दोन पावलं आणि एक श्वास. ती हसून बापाला म्हणाली, दादा, तुमची जोड हीच. तुम्ही चढताना जसा दम घेता तसाच घ्यायचा, वेगळं काही करायचं नाही.

त्या वर्षीच्या श्रावणात लग्नं नव्हती, तेव्हा रोज संध्याकाळी दोघं पडवीत बसून ती चाल घोटायचे. आत चिमाबाई चुलीपुढे भाकऱ्या थापायची. रूपाची ओळ वर वर जायची आणि खाली मी दम घेत, थांबत, तिच्या मागून चढायचो. किती वेळा वाजवली असेल, गणती नाही. चाल माळापर्यंत आली होती. बहिरूने विचारलं, पुढं? रूपा म्हणाली की पुढे घर, ते अजून सापडलेलं नाही, बघू.

भाद्रपदात तिला ताप आला. पहिले तीन दिवस सगळ्यांना वाटलं, हवेचा ताप आहे, उतरेल. चौथ्या दिवशी तिला खाली न्यायचं ठरलं. वाडीतले डोली बांधत होते, तर म्हणाली, डोली नको, मी चालत जाते. बापाच्या खांद्यावर हात टाकून ती उंबऱ्याबाहेर पडली. मी खुंटीवर होतो, तेवढंच मला कळलं.

पुढचं मी ऐकलेलं. कामशेतला रक्त तपासलं, डेंग्यू निघाला, तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी वाडीतली माणसं तिला खांद्यावरून वर घेऊन आली. बावीस वर्षांची होती.

बँडची सगळी माणसं आली होती, हात मोकळे. आमच्याकडे पिकल्या म्हाताऱ्याला वाजतगाजत नेतात. तरण्या पोरीसाठी कोण वाजवणार? मी पेटीत अंधारात होतो आणि बाहेर इतकी माणसं असूनही नुसता पावलांचा आवाज येत होता.

तेराव्याला हौशीराम परत आले. रूपाचा क्लॅरिनेट बँडचा होता, तो न्यावा लागणार होता. पण त्यांना ते तोंडाने बोलता येईना. पाण्याचा तांब्या हातात धरून ते नुसते बसून राहिले. शेवटी चिमाबाईनेच ती पेटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती आपल्या टॉवेलात गुंडाळली आणि मान खाली घालून उतरून गेले. खुंटीवर मी एकटा राहिलो.

त्यानंतर तीन महिने मला कुणी हात लावला नाही. चाव्यांखालच्या मऊ गाद्यांना बुरशी आली. लाकूड दमट हवेने फुगलं. घरातले आवाज मात्र ऐकू यायचे. किंवा असं म्हणू, यायचे नाहीत. पहाटे चूल पेटायची, भांडी वाजायची, कोंबड्या सोडल्या जायच्या. बोलणं नाही. चिमाबाई चारचौघांत रडली नव्हती. तिने स्वतःला कामाला जुंपलं होतं. बहिरू कामाला जायचा, यायचा, भिंतीला टेकून बसायचा. दोघं एकमेकांना जेवायला वाढत आणि बोलायचं टाळत.

मार्गशीर्षात हौशीराम धापा टाकत पुन्हा वर आले. कामशेतला मोठं लग्न होतं. येशील का, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. चिमाबाई आतूनच म्हणाली की घेऊन जा त्यांना, घरात बसून भिंत बघतात. म्हणून बहिरूने मला खाली काढलं, बुरशी पुसली, नवा रबर बँड लावला.

कामशेतला गेल्यावर कळलं, पहिला क्लॅरिनेट आता किरण वाजवतो. किरण आधी बँडमध्ये ढोल वाजवायचा आणि फावल्या वेळी हौशीरामांकडे क्लॅरिनेट शिकायचा. भला माणूस. तो बहिरूजवळ येऊन हळूच म्हणाला, काका, वाजवू ना? बहिरूने मान डोलावली. दुसरं काय करणार?

वरात बाजारपेठेतून निघाली. किरणने ओळ टाकली. आवाज ओळखीचा होता, तोच मोकळा आवाज, ज्याच्याखाली मी तीन हंगाम चाललो होतो. पण त्याच्यात श्वास दुसऱ्याचा. बहिरूने पहिले दोन सूर दिले. तिसऱ्याला त्याची बोटं माझ्यावर तशीच राहिली आणि श्वास आलाच नाही. ओठ माझ्यावर टेकलेले आणि आत काही नाही, असा तो पन्नास पावलं चालला. मग एका तांदळाच्या दुकानापाशी तो वरातीतून बाजूला झाला आणि पोत्यांच्या कडेला पायरीवर बसला.

हौशीराम मागे आले. म्हणाले, "घरी जा, बहिरू. आज जोड नसली तरी चालंल."

त्यांनी ते मायेने म्हटलं होतं. पण मला ते लागलं. वरात पुढे गेली, गाणं पुढे गेलं, लोक नाचत होते. खरोखरच चालत होतं.

त्या दुपारी बहिरू चढण चढून माळावर आला आणि घरी न जाता गवतात बसला. त्याने मला जोडलं, पाती ओली केली आणि रूपाची चाल वाजवायला घेतली. म्हणजे त्याला जी येत होती ती. जोड. दोन सूर आणि एक थांबा, दोन सूर आणि एक थांबा. त्या थांब्यांमध्ये तिचे लांब सूर असायचे. आता तिथे वारा होता.

पुढचे कितीतरी दिवस असेच गेले. घरी वाजवायची सोय नव्हती, कारण त्याने मला हातात घेतलं की चिमाबाई उठून बाहेर जायची. म्हणून तो काम उरकून दुपारी माळावर यायचा. खाली गवत कापणाऱ्या बाया एकमेकींना विचारायच्या, हे असं निम्मंच काय वाजवतोय हा? कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला असेल.

त्याला तिची ओळ हवी होती. जोड तर त्याच्याकडे होती, पण जोडीवरून कुणी गाणं ओळखत नाही. ती चाल सिनेमातली नव्हती की कुणाकडून ऐकून घेता येईल. कुठे लिहिलेली नव्हती. रूपाने ती मोबाईलवरही कधी घेतली नव्हती, पुरी झाल्याशिवाय कशाला, म्हणायची. ती आठवून वाजवायला बहिरू धडपडायचा. दोन सूर बरोबर लागायचे आणि तिसऱ्याला भलतंच कुठलं तरी वरातीचं गाणं यायचं. मग तो मला मांडीवर ठेवून डोळे मिटून बसायचा. आयुष्यभर तो लोकांच्या ओळी झेलत आला होता. झेलणाऱ्याचं सगळं लक्ष पुढचा सूर कुठे पडतो इकडे असतं. ओळ त्याच्याकडे राहत नाही.

मला ती पाठ होती. हे माझं दुःख मी कुणाला सांगू? रोज संध्याकाळी दोन हातांवरून ती मी ऐकली होती, एकेक वळण मला ठाऊक होतं. पण मी फक्त तेच बोलू शकतो जे वाजवणाऱ्याच्या बोटांत असतं. तो माझ्यात शोधत होता आणि मी मुका होतो.

पौष निम्मा सरला होता. चिमाबाई डोंगरातून लाकडाची मोळी घेऊन परत येत होती. रोज ती वरच्या अंगाने, फेऱ्याच्या वाटेने जायची. त्या दिवशी का कोण जाणे, माळावरून आली. बहिरूची पाठ तिच्याकडे होती. तो तिसऱ्या वळणावर आला होता, वरची ओळ अंदाजाने चाचपत होता. ती मोळीसकट थांबली.

"तितं ती खाली येत न्हवती," ती म्हणाली.

बहिरूने मला तोंडातून काढलं.

"वरच ऱ्हायची," चिमाबाई म्हणाली. "तुमी दम खायला थांबायचा, आन ती वर थांबायची तुमच्यासाठी."

तिने मोळी खाली टाकली. बहिरू तिच्याकडे बघतच राहिला. त्याने विचारलं, तुला येते ती चाल? ती म्हणाली, भाकऱ्या थापताना रोज कानावर पडायची, न येऊन कुठं जाईल. मग पदराने तोंड पुसून तिने गळ्यातून तो सूर काढला. तिचा आवाज राकट, हाका मारून मारून जाड झालेला. त्याला गोडवा म्हणून नाही. पण सूर बरोबर होता. अगदी बरोबर. मी बहिरूच्या मांडीवर नुसता लाकूड होऊन पडलो होतो, आणि जिची मला कधी विचारपूस नव्हती ती बाई, मला जे बोलता येत नव्हतं ते बोलत होती.

दुसऱ्या दिवसापासून ती दोघं घराच्या पडवीत बसू लागली. चिमाबाई तांदूळ निवडायला घ्यायची आणि निवडता निवडता एक तुकडा म्हणायची. बहिरू तो माझ्यावर काढायचा. चुकला की ती मान हलवायची, पुन्हा म्हणायची. त्यांच्यात इतकं बोलणं लग्न झाल्यापासून झालं नसेल. बोलणं तरी काय? इथं वर, तिथं थोडं थांबा, आता खाली. वर न जाणारा तो माणूस घाबरत घाबरत वरचे सूर धरायला शिकला. माझी वरची सप्तकं रूपाच्या हातांनंतर कुणी जागवली नव्हती. पहिल्यांदा त्याने तिथे फुंकलं तेव्हा मी पुन्हा बदकासारखा ओरडलो. चिमाबाईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू म्हणण्याइतकं नव्हतं.

एक दिवस बहिरूने तिला विचारलं, मग मी वाजवायला घेतलं की तू बाहेर का निघून जायचीस?

तिने तांदळातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "तुमी वाजवलं की मला तिचंबी ऐकू यायचं. आन तुमी थांबलात की ती जायची. रोज रोज कशी जाऊ द्यायची तिला?"

बहिरूने मला पुसून पेटीत ठेवलं. त्या दिवशी पुढे वाजवणं झालं नाही. पण त्या दिवशी दोघं एकत्र रडली, एवढं मी बंद पेटीतून ऐकलं.

फाल्गुनात चाल माळापर्यंत आली आणि चिमाबाई थांबली. तिने एकदा, दोनदा, तीनदा मागून म्हणून पाहिलं. पुढे काही येईना. बहिरूला ठाऊक होतं, पुढे नव्हतंच. रूपाने घर सापडलं नाही म्हटलं होतं, असं त्याने सांगितलं. हे चिमाबाईला माहीत नव्हतं. आपणच विसरलो असं समजून ती कपाळाला हात लावून बसली होती. मुळात नव्हतंच, हे ऐकून तिला बरं वाटलं की जास्त वाईट, ते तिचं तिला माहीत.

मग पुढचा महिनाभर बहिरू एकटाच मला घेऊन माळावर जायचा. या वेळी शोधायला नाही. शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. माळावरून त्याचं घर दिसतं. कौलं, शेजारचं आंब्याचं झाड, दोरीवरचं लुगडं. तो तिकडे बघत बसायचा आणि एखादा सूर लावून बघायचा. बरेचसे टाकून द्यायचा. आयुष्यात त्याने कधी स्वतःची ओळ टाकली नव्हती. मला वाटायचं, आज मोडेल, आज पेटी बंद करेल. पण दुसऱ्या दिवशी तो यायचाच.

चैत्रात एका सकाळी तो अंगणात बसला. चिमाबाई दारात सूप घेऊन पाखडत होती. त्याने ओढ्यापासून सुरुवात केली. पहिलं वळण, दुसरं, तिसरं, माळ. पाखडण्याचा आवाज मंद झाला. माळावर तो नेहमीसारखा थांबला, आणि मग पुढे निघाला.

ते सूर मी प्रथमच बोलत होतो. फार नव्हते. वर चढलेली ओळ हळूहळू खाली येत होती आणि जोडीच्या सुराशी येऊन मिळत होती. शेवटी दोन्ही एकच होऊन थांबल्या.

चिमाबाईचं सूप थांबलं होतं.

"हे तिचं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई," बहिरू म्हणाला. "माजं हाय."

कोंबड्या सुपातल्या दाण्यांवर येऊन चोच मारायला लागल्या, तरी तिने हाकललं नाही. बहिरू मला मांडीवर धरून वाट बघत होता. इतकी वर्षं मी त्याच्या हातात आहे, पण कुणाच्या तोंडाकडे तो असा बघताना मी पाहिला नव्हता.

"लय घाईनं आणलंत तिला घरी," चिमाबाई शेवटी म्हणाली. "चढून दमती ती. जरा हळू आणा."

बहिरूने पाती पुन्हा ओली केली आणि हळू आणलं.

याला आता एक वर्ष होऊन गेलं. बहिरू पुन्हा बँडमध्ये जातो. किरणच्या मागे दोन पावलांवर आम्ही चालतो आणि जोड देतो. ती चाल त्याने कधी लग्नात वाजवली नाही. हौशीरामांनी एकदा वाडीवर येऊन ऐकली, डोळे पुसले, आणि एखाद्या कार्यक्रमात वाजवशील का म्हणून विचारलं. बहिरू म्हणाला, "भाऊ, ती चढणीची हाय. सपाटीवर न्हाई चालायची."

सगळं नीट झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. घरात दोन माणसं आहेत आणि संध्याकाळ मोठी असते. गुलाबाचे काटे काढायची सुई अजून भिंतीत खोचलेली आहे, ती कुणी काढत नाही. कधी कधी आठ-आठ दिवस मला हात लागत नाही. माझ्या वरच्या तुकड्याला चीर गेली आहे. बहिरूने तिच्यात मेण भरून वरून दोरा गुंडाळलाय, पण वरचे सूर आता पूर्वीसारखे स्वच्छ लागत नाहीत. एखाद्या पावसाळ्यात ती चीर पुढे सरकेल आणि मी संपेन. बहिरूनंतर ही चाल कुणाला येणार, ते मला माहीत नाही. तो अजून कुणाला शिकवायला तयार नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. मावळात कधी एखाद्या लग्नाला गेलात, आणि वरातीत मागे चालणारा एखादा म्हातारा वाजवता वाजवता मधेच थांबला, तर त्याला 'वाजव की' म्हणून ओरडू नका. त्याला दम घेऊ द्या.

आता पुरे करतो. बहिरूने पेटी उघडलीय, चिमाबाई दारात येऊन बसलीय. पाती त्याच्या ओठांत आहे. तो वाजवत असताना मला स्वतःचं काही बोलता येत नाही.